खाचरातलं घर

कामथडीच्या फाट्यावर आम्ही पुण्याच्या एसटीची वाट बघत उभे होतो, आणि आण्णांच्या पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता. भाताच्या लावणीचे दिवस होते. माझे वडील उत्रोलीहून, खाचरात अर्धी रोपं लावून, तसेच धोतर खोचून कोचीला निघालेल्या मला निरोप द्यायला आले होते. चिखल लागंल म्हणून गाडीत कुणी शेजारी बसू दिलं नाही, म्हणून उभ्यानंच आले. "बरंच झालं," म्हणाले, "बसलो असतो तर डोळा लागला असता, आन पार पुण्याला उतरलो असतो."

त्यांच्या हातात इंद्रायणीच्या तांदळाची पिशवी होती. माझ्या नवऱ्यानं ती घेतली आणि म्हणाला, "आण्णा, तिकडं बी तांदूळ मिळतो." आण्णा म्हणाले, "मिळत आसंल, पावणं. पर त्यो तिकडचा."

एसटी आली तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं नाही. चिखल लागेल म्हणून असेल. नुसतं म्हणाले, "बोलवलं तर ये. न्हाई बोलवलं तरी ये." मागं वळून बघितलं तेव्हा ते घाईघाईनं रस्ता ओलांडत होते. खाचराला पाणी लावून आले होते आणि त्यांचा जीव तिकडं होता.

हे मी उत्रोलीत राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि आपल्या खोऱ्यातनं निघून ज्यांनी लांब कुठं चूल मांडली त्यांच्यासाठी. माझी शाळा आठवीत सुटली. आईची कंबर धरली होती, धाकटा भाऊ बाळू लहान होता, आणि लावणीला हात कमी पडत होते. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं समजून घ्या.

माझा नवरा कोचीला गलाईच्या दुकानात होता. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, त्याला गलाई म्हणतात. मालक सांगलीकडचे. त्यांच्याच वरच्या खोलीत आम्ही पहिली वर्षं काढली. त्यांच्या बायकोनं मला बाजार दाखवला, भाड्याची गोष्ट कधी काढली नाही. त्या माणसांचं मीठ मी विसरणार नाही.

पण भीती गेली नाही. मला आधी बोलायची भीती, मग न बोलण्याची. रिक्षावाल्याला उजवं-डावं सांगता येत नव्हतं म्हणून मी चालत जायची. फोनवर आईला सांगितलं की इथं भाजीत खोबरेल घालतात, तर मागनं आण्णांचा आवाज आला, "डोक्याचं त्याल पोटात घालत्यात व्हय? मग क्यास आतनं यायचं." घरात सगळे हसले. मी फोन ठेवून रडले. आणि आता बघा, गावी आले की शेंगतेलाची फोडणी मला जड जाते.

मुलगी झाल्यावर आम्ही शहराबाहेर, बेटावर, दोन खोल्यांचं घर घेतलं. जागा स्वस्त, सपाट, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. गल्लीच्या तोंडाला नारळी, शेवटाला खाडीचा कालवा. शेजारी लीलाचेची. चेची म्हणजे ताई. नवरा गेलेला, मुलगा गल्फात, आणि ती एकटी खाडीकडेची भाताची पट्टी कसायची. तिकडं एक भात आहे, खारं पाणी सोसणारं. पोक्काळी म्हणतात. उंच वाढतं, पाण्यात आडवं होतं, तरी पिकतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे पाय आपोआप थांबले. भाषा येत नव्हती, पण भात ओळखीचा होता. मी बांधावर बसून राहिले आणि चेचीनं मला हाक मारून काढणीला लावलं. कोळंबी सोलायच्या शेडवरचं कामही तिनंच मिळवून दिलं. मुलगी तापानं फणफणली तेव्हा होडीतनं दवाखान्यात घेऊन जाणारी पण तीच.

पाणी आलं ते त्या घरातल्या दुसऱ्या की तिसऱ्या थंडीत. पाऊस नाही, ढग नाही, लख्ख ऊन पडलेलं, आणि मोरीतनं पाणी वर येतंय. मला वाटलं कुठं नळ फुटला. चेची म्हणाली, "वेलियेट्टम." भरती. अमावास्या-पुनवेच्या सुमाराला समुद्र वर चढतो, खाडी फुगते, कालवा भरतो, आणि कालव्यातनं ते पाणी गल्लीत येतं. आधी अंगणापर्यंत यायचं, मग उंबऱ्याला लागलं, मग आत. दरसाल थोडं अधिक. शहरातले लोक म्हणायचे समुद्रच वर सरकतोय. मला ते पटायचं नाही. समुद्र काय सरकणार. पण भिंतींचा गिलावा पापुद्र्यानं सुटत होता, भांड्यांच्या बुडाला गंज धरत होता, कढीपत्त्याचं झाड उभ्या उभ्या वाळलं. उत्रोलीत पाणी आलं की शेत हिरवं होतं. इथं पाणी येऊन गेलं की जमीन पांढरी पडायची.

मी घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण मुलीनं फोनवर आजोबांना सांगून टाकलं की आमच्या घरात मासे येतात. तिला मजा वाटायची. भात झोडून झालं आणि संक्रांतीच्या आधी आण्णा आले. आयुष्यात पहिल्यांदा पुण्याच्या पुढं. मुलीनं स्टेशनवर त्यांच्या पाया पडून "अप्पूप्पन" म्हटलं. आजोबाला ते म्हणतात. आण्णा मला म्हणाले, "ही काय म्हणतीया मला? बरं म्हणतीया ना?"

गल्लीत शिरल्यावर ते घरात आले नाहीत. घराच्या मागं गेले, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. वरची तांबडी माती बाहेरनं आणून टाकलेली. खाली काळाकुट्ट गाळ. चिमूट उचलून हुंगला.

"सुमे," म्हणाले, "हे खाचार हाय. खाचरात घर बांधलंस तू."

मी म्हटलं, "आण्णा, आमी कोरडं असताना बघितलं होतं."

"कोरडं काय, खाचार बी उन्हाळ्यात कोरडंच आसतं."

आपल्याकडं कुणी खाचरात घर बांधत नाही. घर माळाला, वरच्या अंगाला. हे पोराटोरांना माहीत असतं. मला पण माहीत होतं. पण परक्या मुलखात आपण सगळं नव्यानं शिकायला लागतो ना, तेव्हा जुनं येत असलेलं पण विसरतो.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले, नवरा दुकानात, मुलगी शाळेत. रात्रीच्या भरतीचं पाणी गल्लीत घोट्याएवढं साचलेलं. गल्लीच्या शेवटी, गटार कालव्याला मिळतं तिथं एक लाकडी फळी होती. ती लावायचं-काढायचं काम चेची करायची, कालव्याची पातळी बघून. त्या दिवशी ती रेशनला गेली होती. फळी लावलेली आहे म्हणून निर्धास्त होती.

आण्णांना साचलेलं पाणी दिसलं, आणि खालच्या अंगाला तोंड बंद केलेलं दिसलं. आपल्याकडं वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं, खालच्यातनं त्याच्या खाली. तोंड कुणी बांधायचं नाही. "पाण्याचं तोंड बांधलं की पाणी बांध खातं," हे त्यांचं नेहमीचं. भांडणं झालेली आहेत त्यावरनं, डोकी फुटलेली आहेत. त्यांना वाटलं असेल, ही साधी माणसं, यांना पाणी काढता येत नाही. माझ्या लेकीच्या गल्लीला मी एवढं करून देतो. त्यांनी फळी उपसली, फावड्यानं तोंड रुंद केलं, गाळ काढला. कालवा तेव्हा खाली होता, पाणी भराभर निघून गेलं. आण्णा खूश. फळी पार भिजली होती, म्हणून वाळायला दूर उन्हात ठेवली.

ज्या बाजूला उतार आहे तीच बाजू काही तासांनी चढ होते, हे त्यांना कोण सांगणार. सबंध आयुष्यात त्यांनी पाणी एकाच दिशेनं जाताना बघितलेलं.

दुपारी भरती आत आली. आण्णा धावले, फळी आणली, पण ओढ एवढी की फळी खाचेत बसेना. मग त्यांनी जे आपल्याकडं करतात ते केलं. बांध फुटला की एक माणूस त्या भगदाडात पाठ लावून बसतो आणि बाकीचे मागनं चिखल आणून लिंपतात. आण्णा त्या तोंडात बसले. छातीपर्यंत पाण्यात. आणि ओरडत राहिले, "चिखल आना, चिखल आना." गल्लीतल्या लोकांना कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारा गटारात पडलाय. तिघा-चौघांनी धरून त्यांना बाहेर ओढलं. ते सोडा सोडा म्हणत होते आणि लोक त्यांना धीर देत होते. आणि सगळी गल्ली भरली.

मी पोचले तेव्हा कुणीतरी त्यांच्या अंगावर लुंगी पांघरली होती. दात वाजत होते. मला म्हणाले, "एक मानूस मागं आसता, तर थांबलं आसतं."

चेचीच्या घरात बियाण्याचं भात होतं. वाळवलेलं, पेरायचं. ते खाली ठेवलेलं होतं. ती आली, पाण्यातनं चालत आत गेली, बाहेर आली, आणि आण्णांकडं बघून म्हणाली, "सारमिल्ला, अच्छा." म्हणजे असू द्या बाबा, काही नाही. मी ते मराठीत सांगितलं. आण्णा म्हणाले, "तिला सांग, मी शेतकरी हाय. काय न्हाई म्हनू नगा."

चेचीनं त्यांना पेज करून दिली. दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर त्यांनी तिचं भात तट्ट्यावर पसरलं. दिवसभर पायानं वर-खाली करत राहिले. मधेच एक दाणा जिभेवर ठेवला, चावला, थुंकला नाही. गिळला. संक्रांत होईपर्यंत राहायचे होते, त्याआधीच निघाले.

स्टेशनवर म्हणाले, "माजं शानपन हितं चालत न्हाई, पोरी. पर तू हितं ऱ्हाऊ नगंस. रस्त्याच्या वरच्या अंगाला जागा हाय आपली, ती तुज्यासाटी ठिवतो. तितं कवाच पानी लागायचं न्हाई. बांद तितं. सगळी या."

मी येते म्हटलं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांनी बाळूला बजावून ठेवलं होतं की ती जागा सुमीची. तिथं साधी गवताची गंज रचू दिली नाही. आणि ती जागा तशीच राखत आण्णा गेले. मी पोचेपर्यंत सावडायचा दिवस उजाडला होता. राख नीरेत सोडली. परतीच्या गाडीत मुलीला मोबाईलवर नकाशा बघायला सांगितलं, नीरा कुठं जाते. ती भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. मला उगाच वाटलं होतं की माझ्या खाडीत येईल.

त्यानंतर सरकारची माणसं आली. आधी भिंतींवर पाणी कुठवर येतं त्याच्या खुणा केल्या, मग शाळेत सभा झाली. भिंतीवर मोठा नकाशा. त्यात कालवे रुंद केलेले, कालव्यांच्या तोंडाला झडपा, खाडीकडेला तिवरांचं रान, रस्ते उंच. आणि आमची गल्ली निळ्या रंगात. एक तरुण इंजिनीअर मुलगी होती, माझ्याशी हिंदीत बोलली. तिनं नीट समजावलं. समुद्राला अडवून भागणार नाही, त्याला पसरायला जागा ठेवली तरच मागचं शहर वाचेल. ही पट्टी पाण्याला परत द्यायची. तुम्हाला आतल्या बाजूला, उंचावर, इमारतीत घर मिळेल. नाहीतर पैसे घेऊन कुठंही जा.

माझा नवरा शांत माणूस आहे. पण उठला आणि त्याच्या मोडक्या मल्याळममध्ये म्हणाला, "परत द्यायची म्हणजे? आम्ही कुणाकडनं घेतली होती?"

मग लीलाचेची बसल्या जागेवरनं म्हणाली, "घेतली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं भात होतं, आणि भातात पाणी. मग ट्रकनं माती आली." ती रागानं बोलली नव्हती. तिचं पण घर त्याच निळ्यात होतं.

माझ्यापुढं मात्र वेगळाच प्रश्न होता. पैसे घेऊन उत्रोलीला जायचं, की इमारतीत जायचं. आण्णांनी जागा ठेवलेली. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." ते ऐकून मला आणखी भीती वाटली. आजवर मी म्हणेन तसं काही झालं नव्हतं, म्हणायची सवय नव्हती. मुलगी बारावीला. तिचं लिहिणं, हसणं, भांडणं सगळं मल्याळममध्ये. मराठी ती माझ्याशी बोलते, तीही माझीच, आण्णांची. गावी गेलो तर ती तिथं तशीच होईल जशी मी इथं होते, उजवं-डावं न येणारी. आणि मी तरी. बाळूनं फोनवर सांगितलं होतं, आता लावणीचा मेळ लागत नाही, रोपं पावसाची वाट बघून पिवळी पडतात, मग एकदम एवढा कोसळतो की बांध राहत नाहीत. तिकडचं पाणी पण आण्णांच्या ओळखीचं राहिलेलं नाही.

मी बाळूला म्हटलं, त्या जागेवर तू गोठा बांध.

"आण्णांनी तुजी म्हणून सांगितलंय. मी काडी ठिवणार न्हाई तितं."

"मीच सांगते ना. जुना गोठा गळतोय म्हणालास. बांध."

मागं म्हैस ओरडत होती. मग बाळू म्हणाला, "म्हंजी तू येणारच न्हाईस व्हय, ताय?"

मी म्हटलं, "येईन की. माहेरी येतात तशी येईन." फोन ठेवल्यावर मी पदर तोंडात धरला. आण्णांना मी शब्द दिला होता. तो मोडताना माझ्यासमोर तेही नव्हते, फोनवरचा बाळूचा आवाज होता नुसता.

घर पाडायच्या दिवशी मी आधी झाडून काढलं. नवरा म्हणाला, "पाडायचंच हाय की." मी म्हटलं, घाण घर कसं सोपवू. मशिनवाल्यानं लोखंडी पंजा भिंतीला नुसता टेकवला. जोर लावायची वेळच आली नाही. ढेकूळ फुटावं तशी भिंत बसली. आत विटांचा नुसता भुगा होता. एवढी वर्षं आम्ही त्या भुग्याच्या आत जेवत होतो, झोपत होतो, मुलीला परीक्षेला उठवत होतो. ती इंजिनीअर मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तिचा राग आला नाही. तिनं आम्हाला वेळेत बाहेर काढलं, हे मला कळत होतं. देव तिचं भलं करो.

गल्ली मात्र फुटली. काहीजण पैसे घेऊन मुलांकडं गेले. मच्छी विकणाऱ्या दोघी कुठं गेल्या ठाऊक नाही. उरलेल्यांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या मजल्यांवर घरं मिळाली. मला तिसऱ्या मजल्यावर, चेचीला पलीकडच्या इमारतीत दुसऱ्यावर. खिडकीतनं रस्ता दिसतो, पाणी दिसत नाही. भिंती पांढऱ्याशुभ्र, गिलावा सुटत नाही. गल्लीत आता तिवराची रोपं लावलीत. मी एकदा ओहोटीला बघायला गेले. आमची चूल कुठं होती ते मला सांगता आलं नाही.

परवा अमावास्या होती. संध्याकाळी मी तांदळाचा डबा उचलून स्टुलावर ठेवला, गल्लीत असताना भरतीच्या आधी ठेवायची तसा. मुलगी बघत होती. "अम्मा, तिसऱ्या मजल्यावर?" म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. तिनं डोक्याला हात लावला आणि हसत पुस्तकाकडं वळली.

मग मी चेचीकडं गेले, तिचा मुलगा आठवड्यातनं एकदा फोन करतो त्या वेळी ती मला बोलावते. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात तिचं पीठ, तांदूळ, डाळ, सगळं टेबलावर चढवलेलं. टेबलाचे पाय विटांवर. ती माझ्याकडं बघून जरा ओशाळली. जुन्या गल्लीतली आणि आता तिच्या खालच्या मजल्यावर राहणारी मेरी कसल्याशा भांड्यासाठी आली होती. चेचीनं विचारलं, "तुझे तांदूळ कुठं आहेत?"

मेरी म्हणाली, "पलंगावर."

आम्ही तिघी तिथंच खाली बसलो. माझे तांदूळ स्टुलावर आहेत, असं मी सांगितलं.